खताच्या तीन मात्रा: टी-चाचणी की अनोव्हा?

पऱ्हाटी_वर्धा: कपाशीला खताच्या 3 मात्रा. शेत नाल्याकडे उतरतं, म्हणून आडवे 5 पट्टे पाडले. प्रत्येकात तिन्ही मात्रा चिठ्ठ्या टाकून दिल्या. प्लॉटमागे 10 झाडांची बोंडं मोजली. जोड्याजोड्यांनी टी-चाचणी (दोन सरासऱ्यांची तुलना) लावली तर जमते का जी?

काळीमाती: नाही भाऊ. 3 जोड्या, प्रत्येकीत 5% चूक. निदान एक खोटा फरक दिसण्याची शक्यता 14%पर्यंत जाते. अनोव्हाच (सगळ्या सरासऱ्यांची एकदम तुलना) लावा, पट्टे धरून. स्वातंत्र्य अंश (मोकळे बदलू शकणारे आकडे किती): मात्रा 2, पट्टे 4, त्रुटी (मात्रा-पट्ट्यांनी न उलगडलेला फरक) 8. एफ, म्हणजे मात्रांमधल्या फरकाचं त्रुटीशी गुणोत्तर, 4.46च्या वर पाहिजे. पट्टे सोडले तर उताराचा सगळा फरक त्रुटीत जाऊन बसतो.

धुऱ्यावरून: पहिले 10 झाडांची सरासरी काढा, प्लॉटमागे आकडा एकच. 150 झाडं सुटी धरली की त्रुटी उगाच बारीक दिसते अन् काहीही ‘सार्थ’ (योगायोगापलीकडचं) निघतं!

पऱ्हाटी_वर्धा: एफ 6.1 आला. सरस कोणती?

काळीमाती: दोन सरासऱ्यांत निदान क्रांतिक फरकाएवढं अंतर पाहिजे. क्रांतिक फरक = 2.306 × √(2 × एरर मीन स्क्वेअर ÷ 5). 2.306 हे त्रुटीच्या 8 अंशांचं टी-मूल्य, एरर मीन स्क्वेअर म्हणजे अनोव्हातला त्रुटीचा सरासरी वर्ग, 5 म्हणजे पट्टे. एरर मीन स्क्वेअर 5 असला तर 3.26 बोंडं. टुकीची चाचणी (सगळ्या जोड्या एकत्र धरणारी) कडक आहे, ती 4.04 मागते. दोन्हींपैकी काय लावायचं ते सरासऱ्या पाहण्याआधी ठरवा.