महिन्याला दोनच रोल धुणाऱ्याने कोणता डेव्हलपर वापरावा?

प्रश्न : मी ३५ मिमीची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म ४०० आयएसओवरच (फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) टिपतो आणि महिन्याला फार तर दोन रोल धुतो. आतापर्यंत आयडी-११ या डेव्हलपरची (फिल्मवरची प्रतिमा उमटवणारे रसायन) एक लिटरची पावडर विरघळवून वापरली. परंतु गेल्या खेपेस अर्ध्या रिकाम्या बाटलीत तीन महिने ठेवलेल्या द्रावणातून निगेटिव्ह इतकी फिकी निघाली की सावल्यांत काहीच उरले नाही. चूक साठवणुकीची होती, पावडरीची नव्हे. आता वर्षानुवर्षे टिकणाऱ्या रोडिनल या द्रव डेव्हलपरकडे वळावे का?

प्रतिसाद १ : टिकाऊपणात रोडिनलला तोड नाही. १८९१ मध्ये पेटंट घेतलेले हे पॅराअमायनोफेनॉलचे तीव्र द्रावण गडद तपकिरी झाले तरी काम देते, आणि १+५० प्रमाणात (एक भाग द्रावण, पन्नास भाग पाणी) ३०० मिलिलिटरच्या टाकीला त्याचे जेमतेम ६ मिलिलिटर लागतात. मात्र आपल्या फिल्मवर कण, म्हणजे प्रतिमेतले चांदीचे बारीक ठिपके, ठळक दिसतील. आयडी-११ च्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असते. ते द्रावणाचे ऑक्सिडीकरण रोखतेच, शिवाय चांदीच्या क्षारांचे स्फटिक किंचित विरघळवून कणांच्या कडा मऊ करते. पातळ केलेल्या रोडिनलमध्ये सल्फाइट नगण्य उरते, म्हणून कण जसेच्या तसे, तीक्ष्ण कडांसह राहतात. मंद फिल्मवर किंवा १२० या रुंद फिल्मच्या मोठ्या निगेटिव्हवर मला ही तीक्ष्णता मनापासून आवडते. ३५ मिमीच्या ४०० फिल्मवर, विशेषतः चेहऱ्यांसाठी, मी ती निवडणार नाही. सावल्यांतला तपशीलही थोडा कमी मिळतो, त्यामुळे फिल्म २५० च्या आसपास धरून टिपावी लागते.

प्रतिसाद २ : डेव्हलपर बदलण्याआधी हिशेब मांडून पाहावा. आयडी-११ १+१ करून एकदाच वापरले, तर ३०० मिलिलिटरच्या टाकीला मूळ द्रावण १५० मिलिलिटर पुरते. म्हणजे एका लिटरमध्ये सहा रोल, आपल्या गतीने तीन महिने. काठोकाठ भरलेल्या घट्ट बाटलीत ते सहा महिने टिकते. अर्धी बाटली मात्र महिन्याभरातच संपवावी लागते. तेव्हा द्रावण तयार करताच १५० मिलिलिटरच्या काचेच्या सहा बाटल्या भराव्यात, आणि दर रोलला एकच बाटली उघडावी. २० अंशांवर वेळ मूळ द्रावणाच्या साडेसातऐवजी १३ मिनिटे लागते. सल्फाइट निम्मे झाल्याने तीक्ष्णताही किंचित वाढते.

प्रतिसाद ३ : एक्सटॉल या पावडर डेव्हलपरचेही नाव सुचवतो. त्यात आयडी-११ मधल्या हायड्रोक्विनोनऐवजी अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या कुळातले रसायन आहे, आणि वेग, कण व तीक्ष्णता यांचा त्याच्याइतका समतोल मी अन्यत्र पाहिलेला नाही. परंतु ते रंग न बदलताही निकामी होऊ शकते, आणि पाच लिटरचे पाकीट आपल्याला फार मोठे पडेल. डेव्हलपर कोणताही असो, रोल टाकीत घालण्यापूर्वी फिल्मच्या टोकाचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात बुडवावा. काही मिनिटांत तो गडद काळा झाला नाही, तर द्रावण ओतून द्यावे. ही सवय मी कधीही सोडत नाही.

प्रश्नकर्ता : छोट्या बाटल्यांचा मार्ग पटला; आयडी-११ च ठेवतो. तरीही रोडिनलचे कण स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहेत, म्हणून एका रोलच्या दोन्ही अर्ध्या भागांवर तीच दृश्ये त्याच एक्स्पोजरने टिपून एक अर्धा आयडी-११ मध्ये आणि दुसरा रोडिनलमध्ये धुणार आहे. फिल्म अंधारात अंदाजानेच कापावी लागेल, त्यामुळे १६ ते २० क्रमांकांच्या फ्रेम रिकाम्या सोडतो.