पाच महिने अ‍ॅसिडिटीचं औषध चालू, बाळाच्या हाडांचं काय? मदत हवी आहे

मुलगा आठ महिन्यांचा आहे. तिसऱ्या महिन्यात दूध फार ओकायचा, अंगाची कमान करून रडायचा, म्हणून ओमेप्राझोल सुरू झालं. चिठ्ठीवर '२ आठवडे' असं स्पष्ट लिहिलंय. मग लसीच्या वेळी विचारलं तर "राहू दे चालू", आणि ते राहिलंच. तेव्हा माझ्या खांद्याला कायम आंबट वास यायचा; आता दिवसाला जेमतेम एक लाळेरं भिजतं. वजनही छान वाढतंय.

परवा २०१९ च्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. अमेरिकी सैनिकी कुटुंबांतल्या आठ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. पहिल्या वर्षात या जातीचं औषध घेतलेल्यांमध्ये पुढे हाड मोडण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी जास्त. जितकं लवकर सुरू, जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त. औषधामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण रात्री दोन वाजता ते कळून काय उपयोग!

उद्यापासून बंदच करू का? व्हिटॅमिन डीचे थेंब (४०० युनिट) रोज देते.

प्रतिसाद: स्वतःच्या मनाने एकदम बंद नको. कधीकधी आम्ल उलट उसळतं, बाळ रडतं आणि आपल्याला वाटतं औषध हवंच होतं. आमच्या लेकीचं तेच झालं, त्यात आणखी दोन महिने गेले. डॉक्टरांना सरळ विचारा: कशासाठी दिलं होतं, ते कारण अजून आहे का, कमी कसं करायचं? नुसतं दूध टाकणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळाला हे लागत नाही.

आणि एक, सोबत पातळ अँटासिड देता का? त्यात अ‍ॅल्युमिनियम असेल तर ते आतड्यातच फॉस्फेट धरून ठेवतं, हाडांपर्यंत पोचू देत नाही. तान्ह्या बाळांना त्यातून मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) झालेला आहे. मला याचीच जास्त धास्ती वाटते.

धागाकर्ती: अहो, देतो! सासूबाई गॅससाठी म्हणून रोज संध्याकाळी अर्धा चमचा पाजतात, मी ते औषधात धरलंच नव्हतं. आत्ता बाटली उजेडात धरली. वाळलेल्या गुलाबी ओघळाखाली बारीक अक्षरात अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साईड. बाटली कपाटात वर ठेवून दिली, सकाळी डॉक्टरांना फोन करते. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाईन फॉस्फेटेज (मुडदुसात वाढणारं एन्झाइम) तपासायला सांगू ना? मुडदुसात मनगटं जाड होतात म्हणे, ती तशी झालीत का हे घरी कुणाला ओळखता आलं होतं का?