गुन्हा कसा घडतो, हे कथा-नाटकांतून खरंच कळतं का?

तिसरी घंटा
परवा 'घाशीराम कोतवाल' पुन्हा पाहिलं. १९७२ साली पुण्यात उभं राहिलेलं तेंडुलकरांचं हे नाटक मी आधी दोनदा पाहिलंय, पण या वेळी डोळे घाशीरामावर ठरेचनात. ते त्या माणसांच्या भिंतीवर खिळले. धोतर-उपरण्यातली माणसं एका ओळीत डुलतात, गातात, आणि मागे काही भयंकर चाललं असलं की त्यांचाच पडदा होतो.

कनोजहून पोटासाठी आलेल्या माणसावर चोरीचा आळ येतो, तो मार खातो, सूडापायी पोटची पोर पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो आणि शहराला पिळून काढतो. ती भिंत नसती तर यातलं काय घडलं असतं? बातमीत भिंत येत नाही, 'आरोपीस अटक' एवढंच येतं. म्हणून मला वाटतं, गुन्हा समजायचा तर गोष्टच हवी.

पेठेतला
ताई, साफ असहमत. खरा घाशीराम १७९१ मध्ये मेला. त्याने कोंडून घातलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा लोक खवळले आणि त्याला दगडांनी ठेचलं. त्या गुदमरलेल्यांपैकी एकाचं तरी नाव तुमच्या लक्षात राहिलं का? घाशीरामाचा अपमान मात्र पाठ आहे. हे ऐतिहासिक नाटक नाही, असं तेंडुलकरांनीच सांगितलंय, मान्य. पण प्रेक्षक घरी काय नेतो? 'बिचाऱ्यावर आळ आला, म्हणून तो असा झाला.' आळ कितीतरी जणांवर येतो हो. सगळे माणसं कोंडत सुटत नाहीत.

निवृत्त लघुलेखक
मी बरीच वर्षं सत्र न्यायालयात जबाब टाइप केले. पुरावा संपला की तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली न्यायाधीश आरोपीला एकेक मुद्दा विचारायचे. "साक्षीदार असं म्हणतो, यावर काय म्हणणं आहे?" उत्तर: "खोटे आहे." पुढचा प्रश्न. "माहीत नाही." शेवटी, "आणखी काही सांगायचे आहे का?" "मला खोटे गुंतवले आहे." झालं. माणूस तिथवर आला कसा, हे त्या कागदांत नसायचं. कोर्टाचं ते कामही नाही. पण घरी गेल्यावर जेवताना तो माणूस डोळ्यांसमोरून हलायचा नाही. मी कादंबऱ्या वाचायला लागलो तो त्यामुळे.

टिळक रोड
काका, तुमचं पटलं, तरी मला हे विचारायचंच आहे. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्या प्रकरणात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ मध्ये दहा खून झाले. करणारी कला महाविद्यालयातली पोरं. मी तेव्हा शाळेत. दिवेलागणीला आई कडी घालून दाराला खुर्ची टेकवायची, बाबा आले तरी आधी खिडकीतून आवाज ओळखायची. त्या पोरांवर ना कसला आळ होता, ना ती भुकेने मरत होती. १९८३ मध्ये चौघांना फाशी झाली. त्यावर सिनेमा निघाला, एका आरोपीने आत्मकथन लिहिलं. दोन्हींतून मला 'का'चं उत्तर मिळालं नाही. आरोपींची नावं सगळ्यांना ठाऊक. अभ्यंकरशास्त्री संस्कृतचे केवढे पंडित होते, हे किती जणांना माहीत आहे?

तिसरी घंटा
शास्त्रीबुवांचं म्हणालात ते लागलं मनाला. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण 'का' कळेलच, असं मी म्हणत नाहीये. पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला मुलगा, जानेवारीत. जोशींच्या घरातले खून ऑक्टोबरअखेर. मधले नऊ महिने ही मुलं याच शहरात वावरत होती. त्यांच्या टेबलाशी कोण बसत होतं, कुणाला संशय आला, कुणी 'आपल्याला काय करायचंय' म्हणून विषय बदलला? तपासाला त्यातलं थोडंच लागतं. मला ते नऊ महिने कुणीतरी लिहिलेले हवे आहेत.

पेठेतला
नऊ महिने जरूर लिहा, पण पोरांच्या टेबलावरून नको. 'मी घर सोडून जातोय' अशी चिठ्ठी त्या पहिल्या मुलाकडून बळजबरीने लिहून घेतली होती. अक्षर त्याचंच. ती चिठ्ठी त्याच्या घरात कितीदा उलगडून वाचली गेली असेल? लिहायचंच असेल तर त्या घरातून लिहा. तसं कुणी लिहिलं तर मी वाचेन.