गावच्या घरी आंबा मोहोरलाय, पण खाली बसवत नाही! चिकट्याचं काय करू, आणि माघ-फाल्गुनात फुलणारं अजून काय लावू? मदत हवी आहे

पाटाची_वाट

नमस्कार मंडळी,

आमचं गाव चोपडा तालुक्यात, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यापासून थोडं आत. आम्ही दोघं नाशिकला, सासूबाई आणि आबा गावी. घराला पुढे ओटा, मागे परसात विहीर, विहिरीला लागून जुना रायवळ आंबा, पलीकडे कडुनिंब, एक शेवगा, एक कागदी लिंबू. बाकी मोकळी काळी जमीन, आणि कुंपणापलीकडे नजर जाईल तिथवर केळी. होळीपर्यंत जमेल तितके शनिवार-रविवार गावी काढायचे असं यंदा ठरवलंय. आपल्याकडे वसंत तो केवढा? माघ सरता सरता येतो आणि फाल्गुन संपेपर्यंत उन्हाचा चटका सुरू. एप्रिल-मेमध्ये त्या अंगणात पाय ठेवायची सोय नाही. म्हणून जे बघायचं, हुंगायचं ते आत्ताच.

आंबा यंदा नुसता लगडलाय. गेल्या वर्षी एका फांदीवर चार तुरे होते, यंदा पानं शोधावी लागतात. संध्याकाळी वास थेट पुढच्या ओट्यापर्यंत येतो. अडचण अशी, की झाडाखाली खाट टाकली की तासाभरात गोधडी चिकट. पानं तेल लावल्यासारखी चमकतात, खालच्या फरशीवर चप्पल चिकटते. फांदी हलवली की वाळल्या पाचोळ्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा तडतड आवाज येतो आणि बारीक करडे किडे तिरके उडतात. काही तुऱ्यांवर पांढरी भुकटी आहे, काही तुऱ्यांची टोकं काळी पडून मोहोर हाताला लागताच गळतो. खालच्या जुन्या पानांवर काजळी धरलीय, ती बोटाने पुसली तर निघते.

शेजारचे आप्पा केळीवाले. ते म्हणतात, "उद्या पंप आणतो, इमिडा मारून देतो, विषय संपला." (इमिडा म्हणजे इमिडाक्लोप्रिड, कीटकनाशक.) त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण झाड विहिरीवर झुकलेलं, ते पाणी आम्ही पितो. मोहोरावर दिवसभर माश्या आणि मधमाश्या घोंघावतात, आणि खाली आम्ही बसणार. आबा म्हणतात काहीच करू नका, झाड त्यांच्या लहानपणापासून असंच आहे. सासूबाईंची काळजी वेगळीच, महाशिवरात्रीला महादेवाला वाहायला मोहोर शिल्लक राहिला पाहिजे. अर्धी गल्ली आमच्याच झाडाचा मोहोर नेते.

तर फवारायचं का? फवारायचं तर काय आणि कधी?

दुसरं म्हणजे परसात दोन-तीन मोठ्या झाडांची जागा आहे आणि कुंपणाला वेल चढवता येईल. आंब्याच्या आगेमागे फुलेल असं काय लावू? अट एवढीच की आठवड्यातून एकदाच पाणी मिळेल असं धरा, आबांना बादल्या उचलायला लावायच्या नाहीत. उत्पन्नाची अपेक्षा नाही. कैऱ्या आल्या तर लोणचं, नाही आल्या तर बाजार आहेच. बघायला आणि बसायला बाग हवी आहे.

---

थंड_डोकं

एक शंका. मोहोर किती उमललाय? सगळा फुललाय की काही तुरे अजून कळीत आहेत? उत्तर त्यावर ठरेल.

---

पाटाची_वाट

पूर्वेकडच्या फांद्या पूर्ण फुललेल्या, तिथे बारीक मोहरीएवढी फळंही दिसतात. पश्चिमेकडचे तुरे अजून हिरवे-लालसर, कळीत. एकाच झाडाचे दोन कारभार चाललेत.

---

केळीच्या_बांधावरून

रायवळ आंब्याचं असंच असतं, एकेक बाजू आपल्या मर्जीने मोहोरते. वर्षाआड लगडणं हाही त्याचा स्वभाव. यंदा एवढा आलाय, तर पुढच्या वर्षी कमी आला म्हणून काळजी करू नका.

तिरके उडणारे ते तुडतुडे. मोहोरातला आणि कोवळ्या पालवीतला रस शोषतात आणि गोड चिकट पाणी टाकतात. तोच तुमचा चिकटा. त्या गोडाव्यावर काळी बुरशी वाढते, ती काजळी. पांढरी भुकटी म्हणजे भुरी. ती वेगळी बुरशी आहे, रात्री गारवा आणि दिवसा ऊब असली की वाढते. फेब्रुवारीत आपल्याकडे नेमकं हेच हवामान असतं. म्हणजे तुमच्या झाडावर दोन वेगळे आजार आहेत, आणि आप्पांचं औषध त्यातल्या फक्त तुडतुड्यांवर चालतं. भुरीला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

पूर्ण उमललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारूच नका. इमिडा मधमाश्यांना घातक आहे. आंब्याचं परागीभवन तर मधमाश्यांपेक्षाही साध्या माश्या जास्त करतात, त्याही मरतील. शिवाय खाली विहीर. माझ्या मते तुमच्याकडे हा पर्याय बादच.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटर पाण्याला २० ग्रॅम. फक्त कळीतल्या तुऱ्यांवर, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला, ऊन उतरल्यावर. दुपारचा पारा ३५ च्या आसपास जायला लागला की गंधक बंद करा, पानं आणि मोहोर भाजतात. खानदेशात ही वेळ महिनाअखेरीसच येते, तेव्हा करायचं तर या आठवड्यातच. विहिरीच्या तोंडावर ताडपत्री बांधा. विहिरीवर झुकलेल्या फांद्या सोडून दिल्या तरी चालतील.

तुडतुड्यांसाठी कळीतल्या तुऱ्यांवरच ५ टक्के निंबोळी अर्क. अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, पाणी घालून १० लिटर करा, चिमूटभर साबणचुरा टाका. गेल्या जूनच्या वाळवलेल्या निंबोळ्या घरात असतील तर उत्तम, कडुनिंब आहेच तुमच्याकडे. गंधक आणि अर्क एकत्र कालवू नका, मध्ये काही दिवस जाऊ द्या.

खरं औषध जूनमध्ये. आंबे उतरल्यावर आतल्या दाट, वाळक्या, एकमेकीत गुंतलेल्या फांद्या काढा. तुडतुडे दाट सावलीत आणि ओलाव्यात वर्षभर लपून बसतात. झाडाच्या पोटात ऊन-वारा शिरला की निम्मी अडचण तिथेच संपते.

---

रोखठोक_राव

एवढं पुराण कशाला? एकदा फवारा आणि मोकळे व्हा. आम्ही दरवर्षी मारतो, काही होत नाही.

---

केळीच्या_बांधावरून

रावसाहेब, तुमची बाग विक्रीची असेल. यांना खाली खाट टाकायची आहे. आणि चाळीस-पन्नास फुटांच्या जुन्या झाडाच्या शेंड्यापर्यंत पाठीवरचा पंप पोचत नाही. निम्मं औषध खालीच पडतं, म्हणजे गोधडीवर आणि विहिरीत.

---

वाघूरचा_वारा

ताई, तुमना आंबा भारी शे! काय टेन्शन लेवानी गरज नही.

बसण्याचा उपाय साधा आहे. खाट खोडाजवळ नको, कडुनिंबाखाली सरकवा. वास तिथेही येतो, चिकटा येत नाही. पाण्याची मोटर असेल तर सकाळी लवकर खालच्या पानांवर नळीने जोरात साधं पाणी मारा, चिकटा आणि थोडे तुडतुडे धुऊन निघतात. फुललेल्या तुऱ्यांवर मात्र धार नको. जुन्या पानांवरच्या काजळीला आमच्याकडे भाताची पातळ पेज फवारतात. वाळली की पापुद्रे होऊन काजळीसकट गळते.

महाशिवरात्रीचा मोहोर खुशाल द्या. एका तुऱ्यात शेकडो फुलं, कधी हजाराच्या वर. त्यातली बरीचशी नुसती नर फुलं, त्यांना फळ धरतच नाही. शंभरात एकाचीही कैरी होत नाही, अख्ख्या तुऱ्याला एक-दोन आंबे टिकले तरी पुष्कळ. गल्लीने ओंजळभर नेला तर झाडाला पत्ताही लागणार नाही. फक्त पोरांना सांगा, फांदी ओढून मोडू नका, कात्रीने तुरा कापा.

---

पाटाची_वाट

हे वाचून सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मी तेच म्हणत होते! (त्या हे कधीच म्हणत नव्हत्या.)

गंधक कळीतल्या बाजूला मारतो, आप्पांना चहाला बोलावून नीट समजावतो. झाडांचं सांगा ना कुणीतरी.

---

काळी_माती

झाडांबद्दल मी सांगते, आमचीही जमीन तशीच आहे, शिरपूरकडे.

आधी एक गोष्ट : आत्ता काहीही लावू नका. नर्सरीत फुललेलं रोप बघून मोह होतो, पण फेब्रुवारीत लावलेलं रोप मेपर्यंत आठवड्याच्या एका पाण्यावर जगवणं अवघड. आत्ता फक्त खड्डे खणून ठेवा, तीन फूट लांब-रुंद-खोल, उन्हात तापू द्या. जूनमध्ये शेणखत, खणलेली माती आणि थोडा मुरूम मिसळून भरा आणि जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, मुळं कुजतात. उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मुळं तुटतात. दोन्हींचा बंदोबस्त हवा. बुंध्याभोवती कपाशीच्या पऱ्हाट्यांचा चुरा किंवा केळीची वाळकी पानं जाड अंथरा. रोपाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून, तळाला भोक पाडून वात घाला. एकदा भरलं की झिरपत राहतं, आबांची बादली वाचते.

मोठ्या झाडांत माझी पहिली पसंती कांचन. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ निष्पर्ण होऊन गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरतो, घराजवळ लावायला बेताचा आहे. पण नर्सरीवाले कांचन म्हणून दिवाळीच्या आसपास फुलणारी जातही देतात, रोपावर पानं सारखीच दिसतात. म्हणून आत्ता फुललेलं झाड बघून त्याच नर्सरीत नाव नोंदवून ठेवा आणि रोप जूनमध्ये उचला.

पांगारा हवा असेल तर पैसे खर्च करू नका. मे-जूनमध्ये कुणाच्या बांधावरून मनगटाएवढी फांदी आणून रोवा, लागते. काटे असतात, वाटेपासून दूर लावा. गिरिपुष्पही फांदीने येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फिकट गुलाबी फुलांनी फांद्या झाकून जातात, पाला खताला उत्तम, पाणी मागत नाही. कुंपणाला तेच लावा.

काटेसावर सुंदर, पण परसात नको. झाड अवाढव्य होतं, आणि मे महिन्यात कापूस विहिरीत.

वेलात संक्रांतवेल. नावाप्रमाणे जानेवारीत नारिंगी होते, फेब्रुवारीपर्यंत चालते. तिच्यापाठोपाठ बोगनवेल, तिला जितकं कमी पाणी तितकी जास्त फुलं. तुमच्या अटीत ती सगळ्यात चांगली बसते. मोगरा ओट्याजवळ. एकदा लागला की दरवर्षी याच सुमारास छाटून शेणखत आणि पाणी दिलंत तर मार्चअखेर कळ्या येतात, पण त्याला पाणी नियमित लागतं. सासूबाईंना हौस असेल तरच.

---

शिंजीर

पळस विसरलात की काय! चोपड्यावरून पाल गावाकडे जाताना मार्चच्या सुरुवातीला सातपुड्याच्या पायथ्याची माळरानं बघा. घरी लावायचा तर रोप उपटून आणू नका, सोटमूळ तुटलं की मरतो. मे-जूनमध्ये झाडाखाली चपट्या शेंगा पडतात, एका शेंगेत एकच बी. ताजं बी थेट खड्ड्यात पेरा. वाढ फार संथ, फुलांसाठी बरीच वर्षं थांबावं लागेल, तेव्हा तो कांचनाच्या ऐवजी नव्हे, सोबत लावा.

पांगारा-पळस फुलले की भोरड्यांचे थवे येतात. हिवाळी पाहुण्या त्या, मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात, जाण्याआधी या फुलांतला रस पिऊन घेतात. अंगणात कलकलाट एवढा होतो की दुपारची झोप विसरा. शिंजीर (फुलांतला रस पिणारा चिमुकला पक्षी) मात्र शेवग्यावरही येतो, दुर्बीण असेल तर खाटेवर ठेवा.

---

थंड_डोकं

शेवग्याला फुलं असताना पाणी जास्त देऊ नका, फुलं गळतात. गळणारच असतील तर सकाळी चादर अंथरून गोळा करा आणि बेसन पेरून भाजी करा. भाकरीबरोबर काय लागते!

लिंबाचं काय? फुललंय का?

---

पाटाची_वाट

लिंबू नुसतं हिरवंगार, फूल एक नाही. आबा विहिरीवर आंघोळ करतात, ते सगळं पाणी लिंबाकडे जातं.

---

केळीच्या_बांधावरून

मग कारण सापडलं. सतत ओलावा असला की लिंबू पानंच काढत बसतं. आंबे बहार (म्हणजे लिंबाचा हिवाळ्याअखेरचा फुलोरा) धरायचा तर डिसेंबरमध्ये पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. थोडी पानगळ झाली की जानेवारीत आळं हलकं खणून शेणखत आणि पाणी, मग फेब्रुवारीत फुलं. यंदाची वेळ गेली. पुढच्या डिसेंबरात आबांच्या आंघोळीचं पाणी महिनाभर कांचनाच्या आळ्यात वळवा. चर आत्ताच खणून ठेवा, नंतर राहून जातं.

---

पाटाची_वाट

चर या रविवारी. गंधक आणि ताडपत्री यादीत टाकली. आता एकच प्रश्न उरला : कांचन आंब्यापासून किती लांब लावू?

---

काळी_माती

वीस-पंचवीस फूट ठेवा, आणि आंब्याच्या दक्षिणेला किंवा पश्चिमेला. उत्तरेला लावलात तर हिवाळाभर आंब्याच्या सावलीत राहील आणि फुलायचा नाही.