पुण्याहून ओरगडमला बदली झालीय. चेन्नईत ट्रॅकवर बाईक चालवायला सुरुवात कुठून करू?

चौदा_नंबरी

नमस्कार मंडळी. मी पिंपरीची, वय २९, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. गेल्या महिन्यात चाकणहून ओरगडमच्या प्लांटला बदली झाली. भांडी आली, गाद्या आल्या आणि रेल्वे पार्सलने माझी केटीएमची आरसी ३९० बाईक पण आली. टाकी कोरडी केली होती, आरशांना गोणपाट गुंडाळलं होतं, तरी डावा आरसा फुटलाच. असो, ट्रॅकवर आरसे काढायचेच असतात.

पुण्यात माझं सगळं बस्तान बसलं होतं. आम्ही सहा जण, एक छोटा हत्ती ठरलेला, पहाटे तीनला निघायचं आणि कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर दिवसभर घासायचं. कोण पुढे, कोण मागे, कुणाकडे टायर वॉर्मर, कुणाच्या आईचे धपाटे, सगळं ठरलेलं. इथे एक माणूस ओळखीचा नाही. इंटरनेटवर शोधून एका आयोजकाकडे ट्रॅक डेचे, म्हणजे दिवसभर ट्रॅकवर आपली गाडी चालवायचे, पैसे भरले, तर दोन दिवस आधी ‘पुढे ढकललं’ असा मेसेज आला. पैसे अजून यायचेत.

इरुंगाट्टुकोट्टैचा एवढा मोठा ट्रॅक इतक्या जवळ आहे, पण तिथे आत शिरायचं कसं हेच कळत नाही. क्लबचं सभासद व्हावं लागतं का? लायसन्स लागतं म्हणतात, ते नक्की कसलं? पुढच्या वर्षी एखादी रेस करायची इच्छा आहे, त्यासाठी २९ म्हणजे फार उशीर का? तमिळ फक्त ‘तेरियादु’ (माहीत नाही) एवढंच येतं.

ईसीआर_प्रेमी

ट्रॅकचा एवढा खर्च कशाला? रविवारी पहाटे पाचला ईसीआरवर, म्हणजे ईस्ट कोस्ट रोडवर या. रस्ता मोकळा, समुद्राचा वारा, महाबलीपुरमला इडली. आम्ही दहा-बारा जण असतो, कधीकधी थोडी ‘स्पर्धा’ही होते.

पिटलेन_काका

ईसीआरवाले भाऊ, इडलीला मीही येईन. स्पर्धेला नाही. पुण्याची पोरं लवासाच्या रस्त्यावर हेच म्हणायची, ‘पहाटे कोणी नसतं’. पहाटे दूधवाला असतो.

आता ताई, तुझ्याकडे वळतो. मी मूळचा नाशिकचा, ११ वर्षं अंबत्तूरला आहे. तू जिथे राहतेस तिथून इरुंगाट्टुकोट्टै अर्ध्या तासावर. बंगळुरूच्या हायवेवर ह्युंदाईचा कारखाना आहे ना, त्याच भागात. मुंबईची माणसं ट्रकवर गाडी चढवून दोन दिवस प्रवास करून इथे येतात. तुला घरचा डबा गरम असतानाच पोचता येईल.

ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. क्लब १९५३ सालचा. आधी यांच्या शर्यती चेन्नईजवळच्या शोळावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. १९९० मध्ये हा कायमचा ट्रॅक झाला. पूर्ण लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. आताचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट, पण तोंडात सगळ्यांच्या जुनं एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक).

सभासदत्व लागत नाही. मीही पहिल्यांदा तिथेच अडकलो होतो, चार महिने फुकट गेले. क्लब ट्रॅक भाड्याने देतो, ट्रॅक डे बाहेरचे आयोजक भरवतात. आणि गंमत अशी की ट्रॅक चेन्नईचा असला तरी गर्दी बंगळुरूची असते, कारण त्यांच्याकडे असा मोठा ट्रॅकच नाही. म्हणून चेन्नईचे ग्रुप शोधत बसू नकोस, बंगळुरूच्या रायडरांचे शोध. आयोजक कसा ओळखायचा? पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचार: अँब्युलन्स आणि डॉक्टर दिवसभर असतात का, एका सेशनला किती गाड्या सोडता, नवख्यांचा गट वेगळा आहे का. जो पहिल्या प्रश्नाला आढेवेढे घेईल त्याला पैसे द्यायचे नाहीत. तुझे अडकलेले पैसे मात्र चिकाटीने मागत राहा, तेवढंच सांगू शकतो.

पण खरं सांगू का, ओळखी ट्रॅक डेला होत नाहीत. तिथे जो तो आपल्या टायरमध्ये डोकं घालून बसलेला असतो. मला ओळखी मिळाल्या मार्शल म्हणून उभं राहिल्यावर. राष्ट्रीय शर्यतींच्या वीकेंडला वळणावळणावर झेंडे घेऊन माणसं लागतात. क्लबच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की मला हे काम करायचंय. त्यांनी झेंड्यांचं शिकवलं. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. पहिल्या दिवशी एका वळणावर सकाळी सातपासून उभा. दुपारी दहीभात आला तेव्हा शेजारच्या मार्शलने स्वतःच्या डब्यातलं लोणचं दिलं. तो निघाला जुना रेसर, गुडघ्यात स्टीलची पट्टी. आजही माझ्या गाडीचं सस्पेन्शन तोच बघतो.

आणि तिथे उभं राहून जे कळतं ते गाडीवर बसून कळत नाही. दिवसभरात चार जण त्याच वळणावर पडले. चौघांचंही सारखंच: आत शिरताना घाबरून ब्रेक एकदम सोडलेला आणि नजर बाहेरच्या मातीवर. माती बघितली की गाडी मातीत. पुढच्या महिन्यात मी स्वतः त्या वळणाला आलो तेव्हा ओठांत पुटपुटत होतो, ‘माती नाही, माती नाही’. माझा पहिला लॅप २ मिनिटं ३३ सेकंदांचा होता, तुझ्यासारख्याच ३९० वर. २:२० च्या खाली यायला दीड वर्ष लागलं. तेव्हा माझं वय ३८. तुझ्या २९ चं उत्तर यात आलं.

लायसन्स म्हणजे एफएमएससीआयचं, भारतातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाचं. ट्रॅक डेला लागत नाही, रेसला लागतं. दरवर्षी नवं काढायचं, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं, आणि नवख्याला आधी मान्यताप्राप्त प्रशिक्षण. चेन्नईत रजनी कृष्णनची अकादमी आहे, अनेकदा राष्ट्रीय चॅम्पियन झालेला माणूस. तुझ्यासाठी आणखी एक रस्ता आहे, टीव्हीएसच्या वन-मेक (सगळ्यांना एकाच कंपनीची गाडी) चॅम्पियनशिपमध्ये मुलींचा स्वतंत्र गट असतो. निवड चाचणीतून घेतात, गाडी कंपनीची. म्हणजे आरसी विकायची गरज नाही आणि मोडायचीही नाही.

विम्याचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. तुझी पॉलिसी काढून वाच. ‘ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग’ वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी घासली तर खिसा तुझाच. म्हणून फेअरिंग (गाडीचं बाहेरचं कव्हर) साध्या फायबरचं लाव, ओरिजिनल घरी कॉटखाली.

रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भर, कूलंट सांडलं तर मागच्याला बर्फावर चालवल्यासारखं होतं. ऑइलच्या बोल्टला लॉकवायर, म्हणजे तो सैल होऊ नये म्हणून तार. हेडलाइटला टेप. हे पुण्यात केलं असशीलच. इथे नवीन एकच गोष्ट, ऊन. एप्रिल-मे विसर. ऑक्टोबर ते डिसेंबर इथला पावसाळा, आपला नव्हे. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

विट्याचा_गलाई

काका भारी लिहिलंय. ताई, मी कोइमतूरचा. म्हणजे गाव विटा, पण आज्जा सोनं गाळायला इकडं आला तो इथलाच झाला. राजा स्ट्रीटजवळ आमची भट्टी. तमिळ आम्हाला मराठीपेक्षा बरं येतं, तेव्हा लागलं तर आयोजकाशी मी बोलतो, पैसे परत द्यायला लावतो.

तू इरुंगाट्टुकोट्टैच करशील, पण एकदा आमच्या करी मोटर स्पीडवे ट्रॅकला ये. चेट्टिपाळयमला आहे, २.१ किलोमीटर, छोटा आणि वळणांचा. ३९० ला तिथं मजा जास्त, कारण मोठ्या गाडीवाल्याला सरळ रस्ता पुरत नाही. एस. करिवर्धन यांच्या नावानं २००३ ला झाला. मिलवाल्यांच्या घरातला माणूस, पण शर्यतीच्या गाड्या बनवायचा. भारतातल्या पोरांना परवडेल अशी फॉर्म्युला मारुती त्याचीच. १९९५ ला छोट्या विमानाच्या अपघातात गेला. फॉर्म्युला वन चालवलेला नरेन कार्तिकेयन पण आमच्या गावचा, हे इथला रिक्षावालासुद्धा सांगतो.

वारा मात्र लक्षात ठेव. जून ते सप्टेंबर पालघाटच्या खिंडीतून असला वारा येतो की सरळ रस्त्यावर गाडी आपोआप एका अंगाला झुकते. पहिल्यांदा मला वाटलं चाकात हवा कमी आहे. दोनदा पिटला येऊन तपासली.

राहायची सोय आमच्याकडं. आई भाकरी करते, फक्त ज्वारी गावाकडनं यावी लागते. येताना घेऊन ये.

चौदा_नंबरी

सगळ्यांचे आभार, आणि उशिरा लिहितेय त्याबद्दल सॉरी. मागचे दोन वीकेंड खरंच मार्शल म्हणून उभी होते. काका, लोणचं मलाही मिळालं, मी बदल्यात शेंगदाण्याची चटणी दिली. आता तिथले तिघे जण मला ‘चटणी’ म्हणतात. नाव काही माझ्या पसंतीचं नाही, पण चालेल.

निळा झेंडा दाखवायला एकदा उशीर केला. वायरलेसवर तमिळमध्ये काहीतरी ऐकलं, ते शिव्याच असाव्यात. शेजारच्याने भाषांतर करायला नकार दिला.

मुलींच्या रेसला ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, उभ्या असलेल्या एकीच्या हेल्मेटखालून बाहेर आलेली वेणी बघितली आणि पोटात कसंतरी झालं. तिसऱ्या लॅपला तीच माझ्या समोर पडली. उठली, गाडी उचलायला धावली, आम्ही तिला ओढून भिंतीमागे नेलं. ती रडत होती ते हँडल तुटलं म्हणून. हात फ्रॅक्चर होता हे तिला नंतर कळलं.

पैसे आले. विट्याच्या भावाने फोनवर नक्की काय म्हटलं ते मला सांगत नाही. ज्वारी आईने पाठवलीय, १० किलो.

जानेवारीच्या ट्रॅक डेला नाव दिलंय, नवख्यांच्या गटात. ओरगडम किंवा श्रीपेरुंबुदूरहून कोणी येणार असेल तर टेम्पो अर्धा-अर्धा करू. माझ्याकडे चाक उचलून गाडी उभी करायचा पॅडॉक स्टँड मागचा एक आहे, पुढचा नाही.