विषय: जुनी फोक्सवॅगन कॅम्पर विकायची आहे, जाहिरात तपासून द्याल का?

प्रेषक: अभिजित

नमस्कार मंडळी,

पूर्ण रिस्टोअर केलेली फोक्सवॅगन टाईप 2 कॅम्पर (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन) विक्रीला काढतोय. 1600 सीसीचं इंजिन, वेस्टफालिया या कॅम्पर बनवणाऱ्या कंपनीचं उघडणारं छत. जाहिरातीचा मसुदा असा: "1973 मॉडेल, बॉडी रिस्टोअर, नवा रंग, छताचा कॅनव्हास नवा, गाडी एकदम चकाचक, एकदा बघाच."

तीन शंका आहेत. नोंदणी 1973 ची आहे, पण पुढचे इंडिकेटर खाली बंपरजवळ आणि मागचे दिवे उंच आहेत. त्यावरून एकाने "हे 1973 नव्हे" असं सुनावलं. दुसरं, फोटो काढण्याआधी खालून काळं अंडरकोटिंग मारून घ्यावं का? आणि कोणी बघायला येणार असेल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवू का, म्हणजे पहिल्या सेल्फला उठेल?

---

प्रेषक: मेघना

अभिजित,

अंडरकोटिंग अजिबात मारू नकोस. विक्रीच्या तोंडावर मारलेला ताजा काळा थर दिसला की जाणकार माणूस खालचा पत्रा टोचून बघायला आधी स्क्रूड्रायव्हर मागतो. दारांखालच्या सिलना (पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांना) पाणी निघायला भोकं असतात, ती या थराने बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. वेल्डिंग उघडं दिसू दे. गंजाची भीती वाटत असेल तर सिलच्या पोकळीत मेण फवार, ते बाहेरून काही झाकत नाही.

"बॉडी रिस्टोअर" या दोन शब्दांना कोणी भाव देत नाही. बाहेरचा सिल नवा आणि आतला कुजका, हा या गाड्यांमधला नेहमीचा प्रकार आहे. कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वेल्ड केला की वर्ष-दोन वर्षं छान दिसतो. म्हणून काम चालू असतानाचे फोटो हवेत: बाहेरचा सिल कापल्यावर दिसणारा आतला सिल, जॅक पॉइंट, बॅटरीखालचा पत्रा, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेच्या रबराखालची चौकट आणि छताची पन्हळ. प्रत्येक जागेचा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लाव. ज्या जागेचे फोटो नाहीत तिथे "फोटो नाहीत" असंच लिही, नाहीतर येणारा पुट्टी शोधायला नेमका तिथेच चुंबक लावून बसेल.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर सगळ्या बाजू मोज. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, नीट केलेला नवा रंग 200 ते 350 पर्यंत जातो. 1000 च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे असं समज.

कॅनव्हासचा फोटो छत पूर्ण उघडून आणि शिवणीजवळून घे. आतल्या शेगडीच्या गॅसच्या नळीवर छापलेली तारीख आणि गॅस तपासणीचा कागद असेल तर तोही जोड. नसेल तर तपासून घे. साबणाच्या पाण्याने सांधे बघणं घरच्या घरी ठीक आहे, पण त्यावर "गॅस तपासलेला" असं लिहिता येत नाही.

---

प्रेषक: मकरंद

वर्षाचं उत्तर तुझ्या चॅसी नंबरातच आहे. इंजिनच्या खोलीत उजव्या बाजूला कोरलेला दहा आकडी नंबर बघ. पहिला 2 म्हणजे टाईप 2, तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा. 2322 ने सुरू होत असेल तर ते 1972 मॉडेल. यांचं मॉडेल वर्ष ऑगस्टला बदलतं. खाली इंडिकेटर आणि मागे उंच दिवे ही जोडी त्याच एका मॉडेल वर्षाची आहे. पुढच्या वर्षी इंडिकेटर वर, हवेच्या जाळीशेजारी गेले. तेव्हा "1972 मॉडेल, पहिली नोंदणी 1973" असं स्पष्ट लिही. उलट या जोडीचे शोधक वेगळे असतात, लपवायचं कारण नाही. पुढच्या सीटमागच्या पत्र्यावरची एम-पट्टी (कारखान्याने आकडे कोरून लावलेली पट्टी) शाबूत असेल तर तिचाही फोटो टाक. मूळ रंग आणि कारखान्यातून आलेलं सामान त्यावरून कळतं.

इंजिन थंडच ठेव. येणारा पहिल्यांदा हात लावून बघतो आणि गरम लागलं की शंका घेतो. थंड इंजिनाला चोक लागावा म्हणून ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोड, मग सेल्फ मार. सुरू होतानाचा एक सलग व्हिडिओ जाहिरातीत असू दे, मध्ये कट नको.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मात्र गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजायचं. चारही आकडे तारखेसकट दे. एखादा एकटाच बराच खाली असेल तर आधी व्हॉल्व्ह बघ. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर 0.15 मिमी हवी. क्रँकची खालची पुली धरून आत-बाहेर हलव. ठक्क आवाज ऐकू आला तर क्रँकची आत-बाहेर सरकण्याची ढिलाई 0.15 मिमीची मर्यादा ओलांडून गेलेली असण्याची शक्यता मोठी. ते लपत नाही, किमतीत धर.

इंजिनाभोवतीचं रबर आणि पत्र्याची आवरणं जागेवर असल्याचा फोटो विसरू नकोस. ती नसतील तर खालची गरम हवा पंखा परत ओढतो आणि इंजिन तापतं. याची किंमत फार कमी विक्रेत्यांना कळते.

आणि पेट्रोलची रबरी नळी बदल. कापडी वेष्टणाच्या जुन्या नळ्या आतून कडक होऊन तडकतात, त्यात इथेनॉलचं पेट्रोल. इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे, पेटला तर साध्या पाण्याने विझत नाही. टाकी ते पंप आणि पंप ते कार्बोरेटर, दोन्ही नळ्या बदलून पावती ठेव.

---

प्रेषक: अभिजित

मकरंददादा, नंबर 2322 नेच सुरू होतो. मेघनाताई, मोजलं. सगळीकडे 220 ते 310, पण डाव्या मागच्या कमानीवर एका ठिकाणी 1400. तिथल्या वेल्डिंगचा फोटो आहे.

---

प्रेषक: मेघना

मग आकडा आणि फोटो दोन्ही जाहिरातीत टाक. कमानीच्या वळणावर पातळ पुट्टी चालते, सिलच्या कडेला चालत नाही, कारण गाडी जॅकवर उचलली की पत्रा वाकतो, पुट्टीला तडा जातो आणि पाणी आत शिरतं. हे वाक्यही तिथेच लिही.

---

प्रेषक: मकरंद

टायर राहिले. बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, 1916 म्हणजे 2016 चा एकोणिसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी जुना टायर जुनाच. 185आर14सी असा मालवाहू प्रकारचाच टायर हवा, मोटारीचा साधा नको.

चालवून बघायला देण्याआधी येणाऱ्याचा परवाना बघ आणि तुझ्या विम्यात दुसरा चालक बसतो का ते विचारून घे. कोणी न बघताच जास्त रक्कम पाठवून "उरलेली वाहतूकदाराला दे" म्हणाला, तर उत्तरच देऊ नकोस. खरा गिऱ्हाईक आला की कागदावरचा, इंजिन खोलीतला आणि पट्टीवरचा नंबर जुळवून दाखव. किल्ली पैसे खात्यात जमा झालेले स्वतः पाहिल्यावरच दे, स्क्रीनशॉटवर नाही.