कॉर्डलेस ड्रिल साधारण किती वर्षं टिकतं? (बजेट ५ हजार, डिचोली)

डिचोलीची_सून
नमस्कार मंडळी. सासऱ्यांचं १४.४ व्होल्टचं जुनं कॉर्डलेस ड्रिल घरात पडून आहे. वायरमनने बाहेरून सप्लाय जोडून दाखवला, मोटर झकास फिरते. पण निकेल-कॅडमियमची बॅटरी मेली, आणि त्या मॉडेलची बॅटरी आता कुठेच मिळत नाही. म्हणून नवीन घ्यायचंय. कामं अशी: पडद्यांचे रॉड, कपाटाच्या बिजागऱ्या, स्वयंपाकघरात एक फळी आणि चवथीच्या आधी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या) चौकटीसाठी हूक. हूक लाकडी वाशांत, रॉड आणि फळी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत. पावसात लाईटचा भरवसा नाही, म्हणून कॉर्डलेसच. म्हापशाचा दुकानदार म्हणाला, "पाच वर्षं बघायला नको." खरंच इतकं टिकतं का? पाच हजारांच्या वर जायचं नाही.

गल्फरिटर्न
ताई, डोळे मिटून मकिता १८ व्होल्ट ब्रशलेस (मोटरमध्ये झिजणारे कार्बन ब्रश नसलेलं) घ्या. मी कुवेतहून आणलंय, दोन बॅटऱ्या ५ अँपिअर-अवर क्षमतेच्या. आमच्या अख्ख्या वाड्यावरची कामं त्यावर झाली. इथे सेट पंधराच्या पुढे जाईल, पण एकदाच काय तो खर्च.

चिरेबंदी
पाच हजार म्हटलंय त्यांनी, पंधरा नाही. आणि कॉर्डलेस हवंच कशाला? वायरचं हॅमर ड्रिल (फिरता फिरता ठोके मारणारं) अडीच-तीन हजारांत येतं. माझ्या वडिलांचं अजून चालू आहे, कार्बन ब्रश बदलले की झालं. बॅटरीच नाही तर मरणार काय?

डिचोलीची_सून
@चिरेबंदी लाईट जाते हो. वर लिहिलंय.

चिरेबंदी
इन्व्हर्टरवर लावा.

वाळपई_वायरिंग
घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर ६०० वॉटचं ड्रिल लावायला सांगू नका लोकांना. सुरू होताना जास्त करंट ओढतं, बिट अडकला की आणखी. ओव्हरलोड होऊन इन्व्हर्टर बोंबलतो आणि मग आम्हाला फोन येतात.

पर्वरी_फ्लॅट
ऑनलाईन ८८ व्होल्टचा सेट मिळतो, दोन बॅटऱ्या, बिटांचा डबा, सगळं अडीच हजारांत. मी घेतलाय. १८ व्होल्टवाल्यांनी उगाच दुप्पट-तिप्पट पैसे घातले.

अर्धा_मेस्त
८८ हा नुसता स्टिकर आहे. बॅटरी उघडून बघा, आत बहुतेक पाचच सेल निघतील. लिथियम-आयनचा एक सेल नाममात्र ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. पाच सेल म्हणजे १८, आणि चार्जरवरून काढल्या काढल्या २१. त्यामुळे १८, "२० मॅक्स" आणि २१ ही तिन्ही एकाच पाच सेलांची नावं. तसंच १०.८ आणि "१२" म्हणजे तीन सेल.

आता मूळ प्रश्न. ड्रिल आणि बॅटरी यांची आयुष्यं वेगळी मोजायची. घरगुती वापरात मोटर, गिअर, चक (बिट धरणारा जबडा) सहज दहा वर्षं जातात. बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्ज झाली की क्षमता उतरू लागते. घरगुती माणूस इतके चार्ज कधी करत नाही, त्याची बॅटरी वापराने नाही, वयाने मरते. नुसती ठेवली तरी म्हातारी होते, आणि उष्णतेत जास्त लवकर. तीन ते पाच वर्षं धरून चाला, नीट सांभाळली तर पुढेही जाते.

पर्वरी_फ्लॅट
माझं तर मस्त चाललंय.

अर्धा_मेस्त
कधी घेतलंत?

पर्वरी_फ्लॅट
गेल्या महिन्यात.

कुंकळ्ळी_काका
मकिता चांगलं. बॉशही चांगलं. घेताना दोन बॅटऱ्या घ्या.

साखळी_बाजार
माझ्या मेहुण्याने अमेरिकेहून भारी सेट आणला. चार्जर तिकडच्या १२० व्होल्टचा. आल्या दिवशी थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला, फट् आवाज आणि धूर. ड्रिल नवं कोरं, पण इथे त्या बॅटरीला चालेल असा चार्जर मिळेपर्यंत चवथ होऊन गेली. कुणाकडून मागवत असाल तर चार्जरवर २२०–२४० छापलंय ते बघा.

गल्फरिटर्न
म्हणून तर कुवेत. तिथे २४० व्होल्ट, काही प्रश्न नाही. बॅटऱ्या मात्र चेक-इन बॅगेत टाकू नका. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच लागतात, आणि १०० वॉट-अवरच्या आत असल्या तर एअरलाईनची वेगळी परवानगी लागत नाही. १८ गुणिले ५ म्हणजे ९०, बसते. मोपा विमानतळावर कुणी अडवलं नाही.

साखळी_बाजार
मोपाहून घरी टॅक्सीने गेलात ना? त्या भाड्यात तिसरी बॅटरी आली असती.

गल्फरिटर्न
पेडण्याला दहा मिनिटं लागतात आम्हाला. दाबोळीच्या वेळी बघायचं होतं, अर्धा गोवा ओलांडून यायचो.

मडगांव_१२
आमच्यासाठी दाबोळीच बरी. मोपा उत्तरेवाल्यांना लखलाभ.

वाळपई_वायरिंग
विमानतळाचा धागा वेगळा काढा बाबांनो.

ताई, माझं रोज भिंतीत भोकं पाडायचं काम. चिरा मऊ असतो, त्याला मोठं मशीन नको. घाम काढते ती काँक्रीटची बीम आणि लिंटल (खिडकी-दारावरची आडवी पट्टी). साध्या ड्रिलचा हॅमर तिथे नुसता कुरकुरतो, तिथे रोटरी हॅमरच लागतो. तुमचे पडद्याचे रॉड खिडकीच्या वर, म्हणजे नेमके लिंटलमध्ये यायची शक्यता आहे. घर जुनं असेल तर आधी भिंत बघा. तेवढी चार भोकं आमच्यासारख्या कुणाकडून पाडून घ्या, त्यासाठी मशीन विकत घेऊ नका.

डिचोलीची_सून
हे उपयोगी सांगितलंत. घर जुनं आहे, खिडकीवर लाकडी पाट आहे, काँक्रीट नाही.

वाळपई_वायरिंग
मग निम्मं काम लाकडातच.

फोंडा_मावशी
माझा अनुभव सांगते. ड्रिल घेतलं, वापरलं, बॅटरी रिकामी झाली तशीच पेटीत घालून माळ्यावर टाकली. पावसाळा गेल्यावर काढली तर चार्जर तिला ओळखच देईना, नुसता लाल दिवा. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो नवीन घ्या. नवीन बॅटरी जवळजवळ अख्ख्या ड्रिलच्या किमतीत! प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तसला धंदा. वॉरंटीत बॅटरीची मुदत वेगळी लिहिलेली होती, ती कोण वाचतो.

अर्धा_मेस्त
मावशी, लिथियम अशीच मरते. रिकामी ठेवली की आपोआप आणखी उतरते, आणि सेल ठराविक व्होल्टच्या खाली गेला की चार्जर सुरक्षेसाठी नकार देतो. ठेवताना अर्धी चार्ज करून, ड्रिलमधून काढून ठेवायची, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची. माळा नको, कौलांखाली मे महिन्यात भट्टी असते. गाडीची डिकीही नको. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नये, हाताला गार लागू द्यावी.

कुंकळ्ळी_काका
बॅटरी रिकामी ठेवू नये. अर्धी चार्ज करून ठेवावी.

मडगांव_१२
सेल बदलून मिळतात की. ऑनलाईन ९९०० एमएएच (मिली-अँपिअर-अवर) क्षमतेचे १८६५० आकाराचे सेल आहेत, सोल्डर मारायचे.

अर्धा_मेस्त
अजिबात नको. १८६५० आकाराच्या सेलची खरी मजल ३५०० एमएएचच्या आसपास, ९९०० लिहिलंय म्हणजे लिहिणाराच खोटा. शिवाय ड्रिलला जास्त करंट देणारा सेल लागतो, टॉर्चमधला चालत नाही. आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल खराब होतो, स्पॉट वेल्डिंग लागतं. येत असेल त्यानेच करावं.

चिरेबंदी
म्हणूनच म्हणतो, वायरवालं घ्या.

गल्फरिटर्न
ब्रशलेस तरी घ्या. ब्रशच नाहीत तर झिजणार काय!

वाळपई_वायरिंग
कंट्रोल सर्किट जळतं ना. ब्रशची जोडी शे-दोनशेत बदलते, सर्किट गेलं की निम्मं मशीन गेलं. रोज वापरणाऱ्याला ब्रशलेस परवडतं, बॅटरीही जास्त पुरते. वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याला काय फरक पडणार? दमट हवेत चकचा गंज आधी बघा. काम झालं की तेलाचा हात फिरवा.

डिचोलीची_सून
सगळ्यांचे आभार. शेवटी काल फोंड्याहून १२ व्होल्टचं साधं ड्रिल घेतलं. ब्रशवालं, हॅमर नाही, २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. पाच हजारांच्या थोडं वर गेलं, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. दुकानात १८ व्होल्टचंही हातात धरून बघितलं. स्टुलावर चढून डोक्याच्या वर धरायचं तर मनगट दुखतं, आणि घरात ते वापरणार मी आणि सासूबाई. शिवाय या दुकानदाराकडे ह्याच मालिकेच्या सुट्या बॅटऱ्या कपाटात होत्या, आणि दहा वर्षांपूर्वीच्या ड्रिललाही तीच बसते हे त्याने बसवून दाखवलं. सासऱ्यांच्या ड्रिलचं घोडं तिथेच अडलं होतं. चिऱ्यात ६ मिलिमीटरचं भोक पडलं, वेळ लागला, पण पडलं. देव बरे करूं.

गल्फरिटर्न
हॅमर नाही?? ताई, फसलात.

चिरेबंदी
तेवढ्या पैशांत वायरची दोन आली असती.

वाळपई_वायरिंग
बरं केलंत. पहिल्या बॅटरीवर घेतल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा, आणि दोन्ही आलटून पालटून वापरा.

पर्वरी_फ्लॅट
माझ्या ८८ वाल्याचा चार्जर फार गरम होतोय. हात लावला तर चटका बसतो. हे नॉर्मल आहे का?

अर्धा_मेस्त
नाही. आधी प्लग काढा, मग बोलू.

कुंकळ्ळी_काका
बॉश घ्यायला हवं होतं.